गोधडीचा टाका आणि दोऱ्याचा रंग

गोधडी शिवायची ठरली की बहुतेकांचे लक्ष आधी कापडांकडे जाते. कोणती साडी मध्यभागी घ्यायची, काठ कुठे वळवायचे, पदराचे काय करायचे, यावर घरात चांगली चर्चा होते. टाके कसे घालायचे आणि दोरा कोणत्या रंगाचा घ्यायचा हा विषय मात्र शेवटी येतो, आणि तोही बहुधा घरात जे रीळ सापडेल त्यावर भागवला जातो. मला हा क्रम पटत नाही. कापडे पसरून पाहता येतात, हलवता येतात, नकोशी वाटली तर काढून टाकता येतात. पण चार-पाच थरांतून गेलेला टाका उसवायचा म्हणजे जुन्या, विरत आलेल्या सुती कापडाची परीक्षाच पाहणे असते.

मावशीच्या साड्यांची जी गोधडी मी नुकतीच पूर्ण केली, तिच्यात म्हणूनच टाके आणि दोरा यांना हवा तेवढा वेळ दिला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मावशीने साडी नेसणे जवळपास सोडले आहे, आणि कपाटात पडून घडीवर फाटण्यापेक्षा या साड्या कोणाच्या तरी अंगावर आलेल्या बऱ्या, असे म्हणून तिने गठ्ठाच माझ्या हाती दिला. त्यातून मी एक गडद निळी सुती इरकल निवडली, हळदी रंगावर बारीक तपकिरी फुले असलेली एक वायल निवडली, आणि बारीक चौकड्यांची एक शेवाळी हातमागाची साडी घेतली. पाठीसाठी मोतिया रंगाची एक साधी साडी मिळाली. आतल्या दोन थरांना धुऊन धुऊन मऊ झालेले पांढरे धोतर होते. कापूस कुठेही नव्हता. ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून होते.

याचे कारण असे की टाक्यांची नक्षी डोळ्याला दोन मार्गांनी दिसते. एक मार्ग रंगाचा: दोरा कापडापेक्षा वेगळा असला की रेघ रेघ म्हणून उमटते. दुसरा मार्ग उठावाचा: टाका पडतो तिथे कापड दबते, दोन टाक्यांच्या ओळींमध्ये ते फुगते, आणि त्या फुगवट्याची सावली नक्षी काढते. आत कापूस असेल तर दुसरा मार्ग प्रबळ असतो आणि दोरा अगदी कापडाच्याच रंगाचा असला तरी चालतो, किंबहुना तोच अधिक शोभतो. नुसत्या कापडांचे थर असतील तर फुगायला आत काही नसते, त्यामुळे नक्षीचा बहुतेक भार दोऱ्याच्या रंगावर येतो. आपली गोधडी यांपैकी कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखले, तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

जगभरच्या परंपरांकडे या नजरेने पाहिले की त्यांतल्या निवडी एकदम समजू लागतात. दक्षिण फ्रान्समधल्या बूती कामात पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने शिवतात आणि नक्षीच्या कप्प्यांत सुताच्या वाती ओवून उठाव आणतात. तिथे रंगीत दोरा आला तर सावल्यांचा सगळा खेळ बिघडेल. जपानच्या साशिकोमध्ये नेमके उलटे आहे. निळीत रंगवलेल्या कापडाचे एक-दोन पातळ थर असतात, आत भरण नसते, आणि जाड पांढरा दोरा त्या निळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढतो. बंगालची कांथा या दोहोंच्या मधोमध उभी आहे. जुन्या कांथेत कमळ, वेली, माणसे, प्राणी हे आकार रंगीत दोऱ्याने भरलेले असतात, आणि पुष्कळदा तो दोरा साड्यांच्या काठांतूनच ओढून काढलेला असे. मधली मोकळी जागा मात्र पांढऱ्यावर पांढऱ्या धावदोऱ्याने इतकी दाट भरलेली असते की कापडावर बारीक लाटा उठतात. म्हणजे आकार रंगाने दाखवायचे आणि पार्श्वभूमी उठावाने, अशी तिथे कामाची वाटणीच केलेली आहे.

आपल्याकडच्या गोधडीत नक्षीचे मुख्य प्रकार मोजकेच आहेत. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे लांबीच्या दिशेने सरळ, समांतर धावदोऱ्याच्या ओळी. दुसरा, कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत जाणे. तिसरा, दोन्ही बाजूंनी तिरप्या रेघा काढून पाडलेली बर्फी. यांशिवाय अर्धवर्तुळांचे खवले, लहरी, किंवा मध्यभागी एखादे कमळ असे प्रकार हौसेने घातले जातात.

सरळ ओळींना लोक कमी लेखतात, ते मला बरोबर वाटत नाही. वरचे कापड जर बारीक फुलांचे, चौकड्यांचे, ठिगळांचे असेल तर त्यावर कमळ काढले काय किंवा मोर काढला काय, तो फुलांच्या गर्दीत हरवणारच. अशा वेळी सरळ ओळ हीच समंजस निवड असते, कारण ती सगळ्या ठिगळांवरून एकसारखी जाते आणि विस्कळीत तुकड्यांना एका कापडाचे रूप देते. तिचा एक गुणधर्म मात्र लक्षात ठेवावा लागतो: ओळी एकाच दिशेने असल्या की गोधडीला ओळींना समांतर घडी सहज पडते, ओळींना छेदून वळवताना ती थोडी ताठ राहते. अंगावर घेण्याच्या गोधडीत म्हणून ओळी डोक्याकडून पायाकडे घालाव्यात, म्हणजे ती कुशीवर नीट लपेटते.

चौकोनात चौकोन हा प्रकार दिसायला सर्वांत देखणा आहे. त्यात गोम अशी आहे की थर आधीच पूर्ण अंथरलेले असतील आणि आपण कडेकडून आत शिवत गेलो, तर पुढे सरकणारे जास्तीचे कापड मध्यभागी साचते आणि तिथे फुगा येतो. यावर उपाय म्हणजे आधी संपूर्ण गोधडीवर वीतभर अंतराने कच्चे टाके घालून सगळे थर जखडून टाकणे. पाश्चात्त्य क्विल्टच्या पुस्तकांत मध्यापासून बाहेर शिवायला सांगतात ते याचसाठी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया मात्र आपली कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, कडेपासूनच सुरू करतात आणि तरीही ती सपाट येते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतले काही पोर्तुगीजांच्या गोव्यातून त्या जंगलांत पोहोचलेले. त्यांच्या कामात वरचा थर आधी तयार नसतोच: एकेक ठिगळ ठेवायचे, त्याची कड आत दुमडायची, टाका घालत पुढे जायचे, आणि असे चारी बाजूंनी फिरत मध्याला येऊन पोहोचायचे. जास्तीचे कापड साचायला जागाच उरत नाही, कारण प्रत्येक ठिगळ लावतानाच ताणून बसवलेले असते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्यांची त्रिकोणी फुले लावतात. ती नसली तर कवंदी पूर्ण झाली असे मानत नाहीत. तिथे नक्षी आणि शिवणीची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्याच नाहीत, आणि मला त्या कामाचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते याचेच.

अमेरिकेतला ‘बॅप्टिस्ट फॅन’ नावाचा कमानींचा प्रकारही असाच शरीरातून आलेला आहे, असे सांगतात. कोपर टेकवून हात फिरवला की जी कमान होते तीच टाक्यांची ओळ, आणि तिच्या आत लहान लहान कमानी. सुंदर दिसतो, पण तो चौकटीवर ताणलेल्या कापडासाठी आहे. जमिनीवर मांडी घालून, गोधडी मांडीवर ओढत शिवणाऱ्यांना तो फारसा सोयीचा नाही.

बर्फीबद्दल थोडे सावध राहावे. तिच्या तिरप्या रेघा कापडाच्या उरेबात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकस, पडतात, आणि उरेबात कोणतेही कापड ताणले जाते. हातमागाची घट्ट साडी हे सहन करते. जुनी वायल करत नाही. दोन विरुद्ध दिशांच्या रेघा जिथे छेदतात तिथे तिची बारीक चुणी पडते, आणि धुतल्यावर ती अधिकच ठळक होते. त्या मोबदल्यात बर्फीची गोधडी सर्व दिशांनी सारखी मऊ पडते, हेही खरे आहे.

हे सगळे तोलून मी दोन प्रकार एकत्र घ्यायचे ठरवले. मधला मोठा चौकोन इरकलच्या गडद निळ्या अंगाचा होता, त्यावर छपाई नव्हती आणि विणही घट्ट होती, म्हणून तिथे बर्फी घेतली. भोवती हळदी वायल आणि शेवाळी चौकडा यांची ठिगळे होती, तिथे फक्त सरळ ओळी. ओळी शिवणीच्या नेमक्या जोडावरून न नेता पाव इंच बाजूने नेल्या, कारण जोडाखाली दुमडलेले कापड येते आणि तिथे सुई अडते. ज्या बाजूला ती दुमड वळवलेली नाही त्या बाजूने ओळ नेली तर हाताला पुष्कळ आराम पडतो. रेघा आखायला मी साबणाच्या वडीची झिजलेली चकती वापरते. गडद कापडावर ती उत्तम उमटते आणि पहिल्याच धुण्यात जाते. हळदी कापडावर साबण दिसत नाही, तिथे टेलरांचा निळा खडू घेतला. पेन्सिल मात्र मी टाळते, कारण फिकट कापडावरून तिची रेघ पूर्ण जाईलच याची खात्री देता येत नाही.

ओळींमधले अंतर ठरवताना दोऱ्याचा हिशेब आधी मांडून पाहावा. गोधडी ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब असेल आणि ओळी एकेक इंचावर असतील, तर ४८ ओळी होतात, प्रत्येक ६ फुटांची. म्हणजे २८८ फूट, जवळजवळ ८८ मीटर शिवण. चौकोनात चौकोन घातले तरी एकूण लांबी तेवढीच भरते, कारण तिचा संबंध क्षेत्रफळ आणि अंतर यांच्याशी असतो, आकाराशी नसतो. दोरा थरांतून खालीवर होत जातो आणि प्रत्येक गाठीला थोडा वाया जातो, त्यासाठी मी तिसऱ्या हिश्शाइतका जास्त धरते, म्हणजे साधारण ११५ ते १२० मीटर. अंतर अर्ध्या इंचावर आणले की हा आकडा थेट दुप्पट होतो, आणि हाताचे कामही. हिशेब आधी करायचा तो एवढ्यासाठी की एकाच रंगक्रमांकाचा दोरा दोन वेगवेगळ्या वेळी आणला तर त्याच्या छटेत किंचित फरक असू शकतो, आणि गोधडीच्या मध्यावर तो फरक रेघेसारखा दिसतो.

दोरा मी सुतीच घेते. मशिनचा पॉलिस्टर दोरा मजबूत असतो यात शंका नाही, परंतु झिजलेल्या साडीपेक्षा दोरा फार बळकट झाला तर ताण पडल्यावर दोरा टिकतो आणि कापड कापले जाते, असा माझा समज आहे. शिवाय त्याची चमक जुन्या सुती कापडावर उपरी दिसते. जाडीसाठी ८ नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळाचा सुती दोरा, मला गोधडीला योग्य वाटतो. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, त्यामुळे १२ नंबर दुपट्याला बरा. १० ग्रॅमच्या गुंडीत ८ नंबरचा दोरा ८० ते ८५ मीटर भरतो, म्हणजे वरच्या हिशेबाने दोन गुंड्या. अँकर कंपनीच्या भरतकामाच्या सहापदरी लडीतून तीन पदर काढून शिवले तरी चालते. ८ मीटरच्या लडीतून मग १६ मीटर शिवता येते, आणि आठ लड्या लागतात. पदर मात्र एकेक करून ओढून काढावेत आणि मग जुळवावेत, नाहीतर त्यांना पीळ बसतो. सुईत दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. अशा जाड कामात इंचाला चार-पाच टाके पुरेत; टाका बारीक असण्यापेक्षा सारखा असणे महत्त्वाचे.

आता रंग. दुकानात रिळावर किंवा गुंडीवर जो रंग दिसतो तो कापडावर पडलेल्या एकेरी दोऱ्याचा रंग नसतो. गुंडाळलेला दोरा दाट आणि गडद दिसतो. तोच धावदोऱ्यात तुटक तुटक येतो, मध्ये कापडाचा रंग मिसळतो, आणि फिकट भासतो. म्हणून तुळशीबागेतल्या दुकानात मी साड्यांच्या कातरणी घेऊन गेले, प्रत्येक गुंडीतून वीतभर दोरा मोकळा करून कातरणीवर ठेवला, आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे न पाहता दाराशी उजेडात जाऊन तपासला. ट्यूबलाइटखाली जो दोरा शेवाळी वाटत होता तो उन्हात चक्क राखाडी निघाला.

दोरा निवडताना त्याचा रंग कोणता यापेक्षा तो किती गडद किंवा किती फिकट आहे, हे आधी पाहावे. माझ्यापुढचा पेच असा होता की हातशिलाईत पुढचा आणि मागचा दोरा एकच असतो. मशिनवर वर एक आणि बॉबिनमध्ये दुसरा असे करता येते, इथे येत नाही. पुढे मध्यभागी गडद निळे कापड, भोवती मध्यम शेवाळी आणि हळदी, आणि मागे सरसकट फिकट मोतिया. पांढरा दोरा घेतला असता तर पाठीवर तो दिसलाच नसता आणि निळ्यावर मात्र प्रत्येक टाका तांदळाच्या दाण्यासारखा उठून, त्यातली कमीजास्त लांबीही सर्वांना दिसली असती. गडद निळा घेतला असता तर तोच प्रकार मागच्या बाजूला झाला असता. मधल्या गडदपणाचे तीन दोरे मी निवडले: पितळी, विटकरी आणि राखाडी. ते चारही कापडांवर आडवे टाकले, मोबाइलवर फोटो काढला आणि त्यातला रंग काढून तो काळापांढरा करून पाहिला. ही युक्ती कोणीही करून पाहावी अशी आहे, कारण रंग गेला की उरतो तो फक्त गडदपणा, आणि डोळ्याची फसवणूक थांबते. रंगीत फोटोत विटकरी दोरा सर्वांत उठावदार वाटत होता; काळ्यापांढऱ्यात तो शेवाळी चौकड्यात पूर्ण विरघळला. राखाडी सगळीकडे जुळत होता, इतका की कुठेच काही म्हणत नव्हता. पुष्कळ रंगांच्या ठिगळांवर राखाडी दोरा हा हुकमी पर्याय आहे हे मला मान्य आहे, पण कापूस नसलेल्या गोधडीत दोराही गप्प बसला तर नक्षी दाखवणार कोण? पितळी दोरा निळ्यावर स्पष्ट दिसत होता, हळदीवर त्याच घराण्यातला वाटत होता आणि मोतिया पाठीवर सौम्य रेघ देत होता. तोच घेतला.

मावशीला मात्र लाल हवा होता. “अगं, गोधडीला लाल दोराच शोभतो, लांबून दिसतो तरी,” हे तिने फोनवर सांगितले आणि समोर आल्यावरही सांगितले. तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पांढऱ्या धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या गोधडीवर लाल धावदोरा फार चांगला दिसतो, आणि तशा गोधड्या तिने पाहिलेल्या, पांघरलेल्या आहेत. पण इथे शेवाळीवर लाल दोरा नुसता भांडत राहिला असता. “मावशी, सगळीकडे नको, कडेला घालू या,” असे म्हणून आम्ही तोड काढली. इरकलच्या पदराची लाल पट्टी मी चारी बाजूंच्या कडेला लावली होती. तिच्यावर शेवटच्या तीन फेऱ्या लाल दोऱ्याच्या घातल्या. लालावर लाल म्हणजे तिथे रंग जवळजवळ दिसत नाही, पण थर वळवून दुमडल्यामुळे कड जाड झाली आहे आणि त्या तीन ओळींचा उठाव बोटांना चांगला लागतो.

लाल दोऱ्याबाबत एक खबरदारी सर्वांनी घ्यावी. दोरा पक्का आहे असे लेबलावर लिहिलेले असले तरी वीतभर तुकडा कोमट पाण्यात साबणाबरोबर भिजवावा, मग पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावा, आणि सकाळी फडके पाहावे. हीच परीक्षा लाल पदराचीही घ्यावी, कारण जुन्या साडीने कितीही धुणी पाहिलेली असली तरी ती बहुधा थंड पाण्यातली असतात, आणि गोधडी एखाद्या दिवशी मशिनच्या गरम पाण्यात जाणारच. माझ्या पदराचा फडक्यावर पुसट गुलाबी डाग आला, म्हणून तो रंग सुटायचा थांबेपर्यंत वेगळा धुऊन घेतला आणि मगच कडेला लावला.

यानंतर मामेबहिणीची दुलई शिवायची आहे, आणि तिच्यात कापूस असणार आहे. वरचे कापड एकरंगी आमसुली आहे, पाठ त्याच रंगाची. तिथे दोराही आमसुलीच घेणार, नक्षी उठावावर सोडणार, आणि बर्फी मनसोक्त घालणार, कारण कापड नवे आणि घट्ट आहे. ओळींमधले अंतर मात्र अजून ठरवलेले नाही. हाताने पिंजलेला सुटा कापूस दूरच्या टाक्यांत धरून राहत नाही, धुतल्यावर त्याचे गोळे होतात; पत्र्यासारखा दाबून तयार केलेला थर मिळाला तर ओळी बऱ्याच अंतरावर घेता येतील. तेव्हा आधी गादीवाल्याकडे जाऊन कापूस हातात घेऊन पाहायचा आणि मगच आखणीला बसायचे, असे ठरले आहे.